तूट, कसर आणि अनुशेष

सरकारी खर्चाबद्दलचा वाद मराठीत दोन शब्दांच्या आधाराने चालतो. एका गोटाचा आवडता शब्द काटकसर. दुसऱ्या गोटाला ऐकवला जाणारा शब्द तूट. १० मार्च २०२५ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी रुपये दाखवलेली होती. अशा आकड्यांवर वाहिन्यांवरचे पंडित दोन रांगांत बसतात. एका रांगेचे म्हणणे असे, की लाडक्या बहिणींसाठीच्या ३६ हजार कोटींसारख्या तरतुदींनी तिजोरीला भगदाड पडेल, आता हात आखडता घ्यावा. दुसऱ्या रांगेचे म्हणणे असे, की हा पैसा तालुक्याच्या बाजारात फिरतो, त्यावर दुकाने चालतात. बाजार थंड असताना सरकारनेच हात आखडला तर मोकळा कोणी सोडायचा? वाद खरा आहे आणि तो व्हायलाच हवा. मी त्यात शिरलो तो शब्दांच्या दाराने. कारण काटकसर आणि तूट यांची कुळी पाहू गेले, तर दोघींचा मूळ अर्थ एकच निघतो: मोडणे.

तूट सोपी आहे. संस्कृत त्रुट्, प्राकृत तुट्टइ, मराठी तुटणे, त्यातून तूट. तोटा हा तिचा सख्खा भाऊ, तोडणेच्या अंगाने आलेला दिसतो. पण मराठीने दोघांना वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत. तूट येते, पडते आणि ती भरून काढता येते. तोटा होतो आणि तो सोसावा लागतो. भाषेला हा भेद फार पूर्वीच कळला होता असे दिसते. या घरात आणखीही माणसे आहेत. वस्तूंची तूट म्हणजे तुटवडा. तुटपुंजा म्हणजे ज्याची पुंजी तुटलेली आहे तो; पुंजी पुन्हा संस्कृत पुंज, म्हणजे ढीग. ‘तुटपुंजी तरतूद’ असे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्यात एक ढीग आहे आणि तो मोडलेला आहे, हे लक्षात येत नाही.

कसर मात्र परदेशातून आली. अरबी ‘कस्र’ म्हणजे मोडणे, मोडलेला तुकडा. हिशेबाच्या भाषेत कस्र म्हणजे अपूर्णांक, आणि तेथूनच उणेपणा. फारसीच्या हाताला धरून ती दख्खनच्या दप्तरांत शिरली आणि मराठीत आल्यावर तिने जी वळणे घेतली ती पाहून मन प्रसन्न होते. पहिला अर्थ उणीव: ‘कामात कसर ठेवू नको.’ दुसरा अर्थ जवळजवळ उलट, म्हणजे बचत: ‘चार पैशांची कसर केली.’ उणीव आणि बचत एका शब्दात कशा राहिल्या? वाट अशी असावी: शंभराचा माल नव्वदात घेतला तर दहाची उणीव देणाऱ्याकडे राहिली आणि दहाची बचत घेणाऱ्याकडे. मोडलेला तुकडा एकच. नाव कोणत्या बाजूने ठेवायचे एवढाच प्रश्न. तिसरा अर्थ अंगातल्या बारीक तापाचा. आणि चौथा, कपड्यांना, कागदांना लागणारी कसर, ती कीड. हा चौथा अर्थ या शब्दाचाच की वेगळ्या मुळाचा शब्द उच्चाराने येथे येऊन मिळाला, यावर कोशकार वाद घालू शकतील. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. तरी जुन्या दप्तरातल्या हिशेबांना कसर लागते, हा योग दुर्मीळच.

अरबी गणितात कस्रच्या समोर उभा राहतो ‘जब्र’. मोडलेले हाड जागेवर बसवणे म्हणजे जब्र. त्यातूनच बळ, सक्ती. आपली जबरी याच घरची. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने समीकरणावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातला ‘अल्-जब्र’ म्हणजे समीकरणातले उणे पद पलीकडे नेऊन बाजू भरून काढणे. तोच पुढे युरोपात अल्जिब्रा झाला. मराठीत आपण ‘कसर भरून काढणे’ म्हणतो. म्हणजे अरबांनी दोन शब्दांत सांगितलेला व्यवहार आपण एका वाक्प्रचारात साठवला. अर्थसंकल्पाच्या वादाचा गाभाही हाच नाही का? हाड मोडले आहे हे दोन्ही पक्षांना मान्य. मतभेद फक्त बसवायचे कसे यावर.

काटकसरीतल्या ‘काट’चे मूळ संस्कृत कृत्, कापणे, यात असावे, कर्त, मग कट्ट, मग काट. वऱ्हाडात हा शब्द घरगुती ओळखीचा आहे. दर्यापूरच्या बाजार समितीत तूर विकून निघालेल्या कास्तकाराच्या हातातली हिशेबपट्टी पाहा. वर मालाचे नाव, पोती, वजन, भाव. खाली हमाली आणि तोलाई. हमाली अरबी हम्लची, म्हणजे ओझ्याची. तोलाई संस्कृत तुल्ची. आणि या दोन्हींच्या आधी, ओलाव्याच्या किंवा मातीच्या नावाखाली वजनातून जे वजा होते ती कट्टी. काट्यावर घासाघीस होते ती बहुधा या कट्टीवरच. हा काटा मात्र कंटकापासून आलेला, तराजूच्या मध्यावर उभ्या राहणाऱ्या सुईमुळे; त्याचा काटकसरीच्या काटशी संबंध दिसत नाही. उच्चार जुळला की नाते जुळतेच असे नाही, हे व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्याने पहिल्यांदा शिकायचे असते.

आणि पट्टी? पट्ट म्हणजे कापडाची वा धातूची लांबट चीर. त्यावर लिहिले की सनद, त्यावरून वसूल केली की घरपट्टी, पाणीपट्टी. शेताच्या हिशेबाची चीर म्हणून हिशेबपट्टी. दर्यापूर ज्या मातीवर वसले आहे तिचे नावही यातलेच: पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही नाही. उधळपट्टीतली पट्टी कोणती, हे कोडे आहे. खरडपट्टीतही ती येते, तेव्हा लांबलचक चालणारी क्रिया असा भाव तिला आला असावा. उधळणे मात्र स्पष्ट आहे: उत् आणि धूलि, उद्धूलन, म्हणजे धूळ वर उडवणे. भस्माला हा शब्द लागतो, गुलालालाही. मूळ शब्दात दोष नाही, उत्सव आहे. ठपका नंतर चिकटला.

कापाकापीच्या या शब्दांमध्ये सर्वांत अनपेक्षित सापडतो तो कर्ज. अरबी ‘कर्ज़’चा धातू ‘क-र-ज़’ म्हणजे कातरणे, कुरतडणे. त्याच धातूचा ‘मिक्राज़’ म्हणजे कात्री. देणाऱ्याने आपल्या संपत्तीतून कातरून दिलेला तुकडा तो कर्ज, अशी ही कल्पना दिसते. म्हणजे तूट भरून काढायला सरकार कर्ज काढते तेव्हा, शब्दांच्या पातळीवर तरी, मोडलेल्या जागी दुसरीकडून कातरलेले ठिगळ लावते.

आता कपात. विधिमंडळात कपात सूचना मांडतात, वृत्तपत्रांत खर्चकपात छापतात. कपात कापणेपासून, हे सांगायला कोश नको. पण कापणे कोठून? प्राकृत कप्पइ आणि मागे संस्कृत कल्पयति. क्लृप् या धातूचा अर्थ नीट मांडणे, जुळवणे, घडवणे. केस नीट मांडायचे तर छाटावे लागतात, म्हणून संस्कृतात कल्पन म्हणजे छाटणीही होते, कल्पनी म्हणजे कात्री आणि कल्पक म्हणजे चक्क न्हावी. पालीतही कप्पक न्हावीच. अर्थ असा सरकला: मांडणे, नीटनेटके करणे, छाटणे, कापणे. मग अर्थसंकल्प या शब्दातला कल्प कोणता? तोच. ज्याला आपण संकल्प म्हणतो आणि ज्याला कपात म्हणतो ते दोघे एका धातूचे दोन फाटे निघाले. एकाने संस्कृतात राहून विचाराची वाट धरली, दुसरा प्राकृतातून उतरत सुरीच्या पात्याशी आला. अर्थसंकल्प हा शब्द सावरकरांनी रूढ केला असे सांगितले जाते. त्यांच्या मनात संकल्प होता तो हातात पाणी घेऊन, देशकाल उच्चारून करायच्या निश्चयाचाच असावा. नगरपालिका आणि जिल्हा परिषदा मात्र अजून अंदाजपत्रक म्हणतात. त्यातला अंदाज फारसी ‘अंदाख़्तन’चा, म्हणजे फेकणे. गोलंदाज गोळा फेकतो, तिरंदाज तीर फेकतो. अंदाज बांधणारा नजर फेकतो. संकल्पापेक्षा अंदाज हा मला अधिक प्रामाणिक शब्द वाटतो. संकल्प सोडला की मोडायचा नसतो; अंदाज चुकू शकतो हे त्याच्या पोटातच आहे. जुलैत पुरवणी मागण्या येतात तेव्हा संकल्पाचे काय होते हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे.

तरतुदीची कथा याहून कोमल आहे. अरबी ‘तरद्दुद’ म्हणजे येरझारा, मनाची घालमेल. हिंदी-उर्दूत तरद्दुद अजूनही काळजी, धांदल. मोगली महसुलाच्या फारसीत तो खटपट, मशागत या अर्थाने वापरात आला असे दिसते: जमीन पिकवण्यासाठी रयतेने केलेली धावपळ. मराठीने त्यातली घालमेल टाकून दिली आणि व्यवस्था तेवढी ठेवली. सिंचनासाठी तरतूद केली म्हणजे पैसा बाजूला ठेवला, एवढेच आज आपल्याला ऐकू येते.

इतके फारसी-अरबी वऱ्हाडच्या हिशेबात का, हे दर्यापूरकराला सांगायला नको. १४९०पासून एलिचपूरला इमादशाही होती, मग मोगल, मग निजाम. गावाचे नाव दर्या इमादशाहावरून पडले असावे. त्याची कारकीर्द १५३० ते १५६२. नाही तर फारसीत दर्या नदीलाही म्हणतात, आणि चंद्रभागा गावाला लागून वाहते. दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण मला शाह अधिक जवळचा वाटतो, कारण नदीवरून गावाला नाव देणाऱ्या इथल्या लोकांनी ते आपल्या भाषेत दिले असते. रघुनाथपंडितांनी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. काही टिकले. पण जमा, खर्च, बाकी हे तीन टिकले ते फारसी दप्तराचेच. कोश राजाच्या आज्ञेने झाला. खतावणी कुळकर्ण्याच्या सवयीने चालली.

खर्च हा शब्द तर अरबी ‘ख़-र-ज’चा, म्हणजे बाहेर पडणे. अर्ज खारीज होतो तो याच धातूने. आणि जमिनीवरचा कर तो ख़राज, तोही याचाच. एका धातूतून रयतेने भरायचा कर आणि सरकारने करायचा खर्च, दोन्ही निघाले. नीट पाहिले तर यात विसंगती नाही. रयतेच्या घरातून बाहेर पडले तो ख़राज, खजिन्यातून बाहेर पडले तो खर्च. पैसा एकच, दार निराळे. तुटीवर बोलणारे पंडित बहुधा दुसऱ्या दारातच उभे राहून मोजणी करतात.

खजिन्याचे अरबी मूळ ‘ख़-ज़-न’, साठवणे. साठवायची जागा ती मख़्ज़न, अनेकवचनी मख़ाज़िन. ते इटलीत जाऊन मगझीनो झाले, फ्रान्समध्ये मागाझँ, इंग्रजीत मॅगझिन: आधी दारूगोळ्याचे कोठार, मग १७३१मध्ये लंडनला ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाल्यापासून नियतकालिक. म्हणजे सरकारी खजिना आणि त्याच्यावर लेख छापणारे मॅगझिन हे चुलत भाऊ आहेत. पंडितांचे नातेही पाहू. पंडा म्हणजे सत् आणि असत् यांचा विवेक करणारी बुद्धी. ती ज्याला आहे तो पंडित. विवेक वि-विच्चा, आणि वैदिक भाषेत विच् म्हणजे पाखडून दाणा आणि फोल वेगळे करणे. अष्टप्रधानांत धर्मनिर्णयासाठी पंडितराव होते. इंग्रजांनी आपल्या न्यायालयांत हिंदू कायदा सांगायला पंडित नेमले, १८६४मध्ये ती पदे संपली. शब्द त्यापूर्वीच इंग्रजीत गेला होता, तिथे तो मत देणाऱ्या जाणकाराला लागला आणि आता ‘राजकीय पंडित’, ‘अर्थपंडित’ होऊन घरी परतला आहे. वाटेत पाखडण्याचा अर्थ थोडा सांडला असावा असे वाटते. कारण त्यांच्या कामाला आपण चर्चा म्हणतो, आणि संस्कृतात चर्चा म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा घोकणे, वेदपठणातली आवृत्ती; आणि चंदनाची उटी लावणे. पाखडणे आणि लेप देणे ही कामे वेगळी आहेत. पंडितांकडून मला पहिल्याची अपेक्षा आहे.

काटकसरीचा पश्चिमेकडचा शब्दही पाहण्याजोगा आहे. ऑस्टेरिटी. ग्रीक ‘औस्तेरोस’ म्हणजे जीभ कोरडी पाडणारा, घसा आवळणारा, थोडक्यात तुरट. २०१०मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला, कारण युरोपातली सरकारे तेव्हा खर्च छाटत होती आणि लोक कोश उघडून अर्थ शोधत होते. तुरट आपल्याकडे संस्कृत तुवरपासून आला. तुवरी म्हणजे तुरटी आणि तुवरी म्हणजे तूरही. दर्यापूरच्या काळ्या मातीत कपाशीच्या ओळींत जी तूर उभी असते, तिचे नाव आणि युरोपातल्या त्या धोरणाचे नाव चवीने जुळते. व्युत्पत्तीने नाही, चवीनेच.

इंग्रजीत एक अडचण आहे, ती मराठीत नाही. तिकडे इकॉनॉमी हा शब्द अर्थव्यवस्थेलाही लागतो आणि काटकसरीलाही. मूळ ग्रीक ‘ओइकोनोमिया’, ओइकोस म्हणजे घर; घर चालवण्याची रीत. त्यामुळे राज्याचा कारभार म्हणजे मोठे घर, आणि घरात जे शहाणपण ते राज्यात, असे मानायची ओढ त्या शब्दातच आहे. मराठीने मात्र दोन कप्पे ठेवले. काटकसर घराची, अर्थव्यवस्थेत घर नाही, अर्थ आहे. म्हणून ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सरकारला लावताना आपण थबकले पाहिजे. गाडगेबाबा दर्यापूरच्या शेजारच्या शेंडगावचे. त्यांनी कीर्तनातून लोकांना बजावले, की कर्ज काढून सण करू नका, पंगती घालू नका. ती शिकवण घराला दिलेली होती, सावकाराच्या वहीत नाव जाऊ नये म्हणून. बाबांनी स्वतः लोकांकडून आलेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, घाट बांधले, म्हणजे सार्वजनिक पैसा सार्वजनिक कामात ओतला. त्यांच्या पहिल्या शिकवणीला दुसऱ्या कामाविरुद्ध साक्षीला उभे करणे बरोबर नाही.

या फरकाचा पुरावा तगाई या शब्दात आहे. मराठी कानाला ती तगणेच्या घरातली वाटते: ज्यावर माणूस तगतो ती तगाई. अर्थ इतका चपखल बसतो, की खरे मूळ शोधावेसेही वाटत नाही. पण मूळ अरबी ‘तक़ावी’, बळ देणे. दुष्काळात बी-बियाणे, बैल यांसाठी सरकारने रयतेला दिलेली आगाऊ रक्कम. मोगलांत होती, मराठ्यांत होती, इंग्रजांनी १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी तिला नियमांत बसवले. हिचा धातू ‘क़-व-य’. आणि त्याच धातूचा दुसरा शब्द क़ुव्वत, आपली कुवत. कुवत पाहून खर्च करावा, असे काटकसरवाले म्हणतात. कुवत वाढवायला खर्च करावा, असे दुसरे म्हणतात, आणि त्या दुसऱ्या क्रियेचे नावच तगाई. अरबी व्याकरणाने दोघांना एकाच धातूच्या दोन रूपांत बसवले आहे: बळ असणे आणि बळ देणे. जुन्या अंमलदाराला ठाऊक होते, की यंदा बैल मेले आणि तगाई दिली नाही, तर पुढल्या वर्षी सारा कशातून यायचा? कुवत ही स्थिर वस्तू नाही, ती घडवावी लागते.

महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या प्रमाणावर केले. १९७२च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसा कोठून? १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला, शहरातल्या पगारदाराच्या पावतीतून. हमी अरबी ‘हामी’ची, म्हणजे रक्षण करणारा, हिमायतीही तीच. हमीभाव म्हणताना वऱ्हाडातला कास्तकार नकळत याच रक्षकाला हाक मारतो. त्याच सुमारास कापूस एकाधिकार योजना आली. तिच्यात पुढे तोटा साचत गेला, आणि ती बंद करावी की चालवावी यावर मुंबईचे लेखक आणि वऱ्हाडचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे भांडले. चुकारे थकले ते कास्तकाराचे थकले, हे दोन्ही बाजूंनी मान्य होते. चुकारा चुकवण्याचा, म्हणजे देणे फेडण्याचा; थकला की तोच शब्द चुकल्यासारखा ऐकू येतो.

तुटीची इतकी चर्चा होते, तर शिलकीचीही व्हावी. १९०२च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले आणि त्यांनी हल्ला चढवला तो शिलकीवर. देशात १८९९-१९००चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, वऱ्हाडात त्याने फार माणसे नेली. आणि सरकारच्या वहीत वर्षामागून वर्ष शिल्लक. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवून आणि अडचणीच्या काळात बसवलेले कर तसेच ठेवून ही शिल्लक उभी राहिली, लोकांच्या आबादीतून नाही, असे त्यांनी आकड्यांनी मांडले. आकडे जुळवायला मागे गणेश व्यंकटेश जोशी होते. दाणा आणि फोल वेगळे करणारे पंडित ते हे.

वऱ्हाडचा तर जन्मच अशा एका वहीतून झाला, म्हणजे इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडचा. निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचे पगार थकले, कंपनीचे देणे साचले आणि २१ मे १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. मोगल अमदानीत अबुल फज़लने ज्याचे नाव वरदेच्या तटावरून लावले, तो मुलूख फौजेच्या पगारासाठी गहाण पडला. गहाण हा ग्रहणाचाच तद्भव असावा. चंद्रालाही ते लागते. तहाप्रमाणे खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाला द्यायची होती. १८६०च्या नव्या तहात निजामाने जमाखर्चाचा तपशील मागण्याचा हक्क सोडला. मग किती खर्च योग्य आणि किती उधळपट्टी, हे कोण ठरवणार? हैदराबादेत दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिले. इकडे रस्ते, कचेऱ्या, रेल्वे वाढत होती आणि तिकडे शिलकीकडे डोळे लागलेले. १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपये ठरवून हा प्रश्न कायमचा मिटवला. शिल्लक किती उरते यावर काही अवलंबून राहिले नाही. काटकसर की खर्च, हा वाद वऱ्हाडने अर्धे शतक सोसला, आणि त्या वादात वऱ्हाडी माणूस कोणत्याही बाजूला बसलेला नव्हता.

तहाच्या इंग्रजीत ज्याला सरप्लस म्हटले त्याला संस्कृतात शेष म्हणावे लागेल. शिष् म्हणजे उरणे, मागे राहणे. प्रलयानंतरही उरतो म्हणून नागाचे नाव शेष. उत् लागून उच्छिष्ट, त्याचे मराठीत उष्टे; आणि अथर्ववेदात या उच्छिष्टावर एक सबंध सूक्त आहे, ज्यात सारे विश्व उरलेल्यावरच आधारलेले मानले आहे. याच धातूला अनु लावून शासकीय परिभाषेने अनुशेष घडवला. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि वऱ्हाडात तो आता पानठेल्यावरही बोलला जातो. वि. म. दांडेकर समितीने १९८४मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या घरात मोजला: कोठे किती विहिरी, किती किलोमीटर रस्ते, किती शाळा राज्याच्या सरासरीपेक्षा मागे. अमरावती विभागाच्या सिंचनाचा अनुशेष त्यानंतर दशके सरली तरी वहीवर राहिला.

हा शब्द मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तुटीचे बाहेरचे रूप तो दाखवतो. तिजोरीने कपात केली की तूट वहीतून उतरते. पण जी विहीर खणायची होती ती खणली जात नाही, जो कालवा यायचा होता तो येत नाही, आणि तीच रक्कम अनुशेष या नावाने दुसऱ्या वहीत चढते. खारपाणपट्ट्यात तर ही दुसरी वही उघडी पडलेली दिसते, शेतात. डॉ. विजय केळकरांनी या दोन्ही वह्या हाताळल्या. २०१२च्या सप्टेंबरात त्यांच्या समितीने केंद्राला तूट आवरायचा मार्ग सांगितला. २०१३च्या ऑक्टोबरात त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. एका माणसाने वर्षभराच्या अंतराने लिहिलेले हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत आणि वाहिन्यांवरच्या पंडितांनीही तसेच वाचून बोलावे, असे मी मनापासून सुचवतो. राजकोषीय तुटीचा आकडा सांगणाऱ्याने त्याच दमात अनुशेषाचाही सांगितला, तर वादाचे वजन दोन्ही पारड्यांत पडेल.

शेषला आणखी एक अर्थ आहे, तो मीमांसकांचा. यज्ञातले कोणते कर्म मुख्य आणि कोणते त्याचे अंग, हे ठरवताना जैमिनींनी शेष हा पारिभाषिक शब्द वापरला: जे दुसऱ्याच्या उपयोगासाठी असते ते शेष, आणि ज्याच्यासाठी असते तो शेषी. उरणे हा अर्थ मागे पडून येथे कोणासाठी असणे हा अर्थ पुढे आला. वही ही शेष, आणि शेषी तो खारपाणपट्ट्यातला कास्तकार, असे लावून १८६०च्या तहातली ती शिल्लक आणि २०१३च्या अहवालातला हा अनुशेष पुन्हा वाचून पाहावेत. सर्वांना ही मांडणी पटेल असे नाही. पण शब्द तेवढा भार सहज पेलतो.